आधी उशीर मोजा : तापमानाचं नियंत्रण कसं जुळवावं

(भोर येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस आज पाश्चरायझरवर बोलणार, हे फळ्यावर वाचून काहींना लिहिणाऱ्याची चूक वाटली असेल. चूक नाही. आम्ही नोकरीची सगळी वर्षं तर्कशास्त्र शिकवलं. धूर दिसला की अग्नीचं अनुमान करावं, पण केव्हा करावं आणि केव्हा थांबावं, एवढंच खरं तर शिकवलं. निवृत्तीनंतर हे ज्ञान कुठे उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. ते पडलं एका दुधाच्या कारखान्यात. तीच हकीकत आज सांगायची आहे, आणि तिच्या आधारानं तापमान-नियंत्रणाचा विषय समजून घ्यायचा आहे.

तोरण्याच्या पायथ्याच्या एका गावातला मुलगा. आयटीआय केलेला, महामार्गालगतच्या एका प्रक्रिया-कारखान्यात पाश्चरायझरवर ऑपरेटर. त्याचे मामा आमचे विद्यार्थी. एका संध्याकाळी तो घरी आला, पाया पडला, आणि पिशवीतून दोन वस्तू काढून टेबलावर ठेवल्या. एक नोटीस आणि एक शंभर पानी वही. नोटिशीत लिहिलं होतं की, ऑपरेटरने कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये ढवळाढवळ केल्यामुळे तापमान स्थिर राहत नाही, सबब पगारातून नुकसानीची कपात का करू नये. पहिली कपात झालेलीही होती. मुलगा म्हणाला, "सर, मी हात लावलेला नाही. पण लावला नाही हे सिद्ध कसं करू?"

मंडळी, न केलेलं कृत्य सिद्ध करणं हा तर्कशास्त्रातला जुना अवघड प्रश्न. पण वहीत त्यानं दर दहा सेकंदांनी तापमान लिहून ठेवलं होतं, पानंच्या पानं. ती वही पुढे कामी आली. ती कशी, ते कळण्यासाठी आधी थोडी तयारी करू.

चुलीवरचं दूध

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी आजीला चुलीवर दूध तापवताना पाहिलं असेल. आजीकडे थर्मामीटर नाही. ती दुधाकडे बघते, मनातल्या अपेक्षेशी ताडून पाहते, आणि लाकूड पुढे सारते किंवा मागे ओढते. मग पुन्हा बघते. बघणं, ताडणं, करणं आणि पुन्हा बघणं, हा जो फेरा आहे त्यालाच कारखान्यात 'कंट्रोल लूप' म्हणतात. आजीच्या डोळ्यांच्या जागी सेन्सर, मनातल्या अपेक्षेच्या जागी सेटपॉइंट, हाताच्या जागी वाफेचा व्हॉल्व्ह किंवा हीटर, आणि आजीच्या विचाराच्या जागी कंट्रोलर.

आता सुनेला पहिल्यांदा चुलीपुढे बसवा. दूध वर येऊ लागलं की ती लाकूड ओढते. पण निखारे तसेच धगधगत असतात, पातेलंही तापलेलं असतं, आणि दूध उतू जातं. मग ती घाबरून सगळी लाकडं बाहेर काढते, चूल विझते. पुन्हा पेटवते, पुन्हा उतू. सुनेचं काय चुकलं? तिचं लक्ष होतं, हातही चपळ होता. पण आपण केलेल्या गोष्टीचा परिणाम दिसायला किती वेळ लागतो हे तिला माहीत नव्हतं. आजीला माहीत होतं. दोघींमधला फरक एवढाच, आणि लूप जुळवण्याची सगळी विद्या या फरकात आहे.

भाटघरचं पाणी

हा उशीर दोन प्रकारचा असतो, आणि ते दोन्ही वेगळे ओळखले पाहिजेत. त्यासाठी आपल्या शेजारचंच उदाहरण घेऊ.

भाटघरचं धरण आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. येळवंडीवरचं हे मोठं धरण १९२८ साली पूर्ण झालं. इथून सोडलेलं पाणी नीरेतून वीरला जातं, आणि तिथून डाव्या कालव्यानं बारामती-इंदापूरकडे. आता कालव्याच्या टोकाला, टेलला बसलेल्या शेतकऱ्याचा विचार करा. वर दरवाजा उघडला तरी त्याच्या चारीत काही काळ काहीच घडत नाही. पाणी वाटेत असतं. हा पहिला उशीर. याला इंग्रजी शब्द आहे 'डेड टाइम'. आपण 'निव्वळ उशीर' म्हणू. या काळात टोकाला बसलेल्या माणसाला कितीही हुशारी असली तरी काही कळू शकत नाही.

मग पाणी पोचतं, पण चारी एकदम भरत नाही. हळूहळू चढते; सुरुवातीला भराभर, नंतर सावकाश. हा दुसरा उशीर. याला 'टाइम कॉन्स्टंट' म्हणतात. आपण 'मुरण्याचा काळ' म्हणू. बदल सुरू झाल्यापासून एकूण वाढीच्या ६३ टक्के वाढ व्हायला जितका वेळ लागतो, तो हा काळ.

या दुसऱ्या उशिराचा आपल्याला फारसा त्रास नसतो. उलट तो धक्के पचवतो. जड पातेलं चटकन तापत नाही, तसं चटकन निवतही नाही. खरा घात करतो तो निव्वळ उशीर. टेलच्या शेतकऱ्यानं पाणी आलं नाही म्हणून दर तासाला दरवाजा आणखी उघडायला लावला, तर अखेर जे पाणी येईल ते बांध फोडून येईल. आणि मग तो दरवाजा बंद करायला लावेल, तेव्हा पुढचे काही दिवस कोरडे जातील.

चालू-बंदचा साधा मार्ग

सगळ्यात साधं नियंत्रण म्हणजे चालू आणि बंद. इस्त्री, गीझर, फ्रीज हे सगळे असेच चालतात. वेल्ह्याकडच्या दूध संकलन केंद्रांत जे बल्क कूलर असतात, त्यांचंही असंच. धार काढलेलं दूध साधारण ३५ अंशांना येतं, ते तीन-चार तासांच्या आत ४ अंशांवर न्यायचं असतं. टाकीच्या तळाशी थंडाई फिरते, वर ढवळणी फिरते, आणि थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर चालू-बंद करतो.

इथे एक गोष्ट मुद्दाम केलेली असते. कॉम्प्रेसर ४ अंशांना बंद झाला तर लगेच ४.१ ला चालू होत नाही. अंश-दोन अंशांची फट ठेवतात. शिवाय बंद झाल्यावर तीनेक मिनिटं तो चालूच होऊ नये असा टायमर असतो. एका केंद्रावरच्या ताई आम्हाला म्हणाल्या होत्या, "लाइट आल्यावर मशीन लगेच का चालू होत नाही? दूध नासेल ना!" प्रश्न रास्त होता, पावसाळ्यात तिकडे वीज सारखी जाते-येते. पण कॉम्प्रेसर थांबतो तेव्हा एका बाजूला गॅसचा दाब साठलेला असतो. तो उतरायच्या आत चालू केला तर मोटार अडते, ट्रिप होते किंवा जळते. तीन मिनिटांत दूध नासत नाही. मोटार जळली तर दोन दिवसांचं नासतं. ताईंना हे पटलं, आणि त्यांनी टायमर काढून टाकायचा बेत रद्द केला.

फट मोठी ठेवली तर तापमान जास्त हेलकावतं, बारीक ठेवली तर यंत्र झिजतं. दूध थंड ठेवण्यासाठी एवढं पुरतं. पण पाश्चरायझरला पुरत नाही.

पाश्चरायझरची गरज

तिथे नियम कडक आहे. सलग वाहत्या दुधाला ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवायचं. त्यासाठी दूध गरम झाल्यावर एका लांब नळीतून जातं, तिला होल्डिंग ट्यूब म्हणतात. नळीची लांबी अशी धरलेली असते की दुधाला ती पार करायला किमान १५ सेकंद लागावेत. नळीच्या शेवटी एक सेन्सर आणि एक वळणाचा व्हॉल्व्ह. तापमान कमी दिसलं की तो व्हॉल्व्ह दूध पुढे न पाठवता मागे वळवतो. हा व्हॉल्व्ह म्हणजे आपल्या सगळ्यांच्या पोटाचा राखणदार. त्याच्याशी खेळायचं नसतं.

म्हणून सेटपॉइंट थोडा वर ठेवतात, समजा ७४. पण तापमान झोके घेऊ लागलं तर? खाली गेलं की दूध परत वळतं, वेळ आणि वाफ फुकट जाते. वर गेलं की दुधाला शिजका वास येतो आणि प्लेटांवर साका धरतो. आमच्या मुलाच्या वहीत तापमान ६८ ते ८० असं वर-खाली होत होतं. नुकसान खरं होतं, ते कुणी नाकारत नव्हतं. प्रश्न कारणाचा होता.

आता, आधी आणि पुढे

चालू-बंदच्या पुढची पायरी म्हणजे पीआयडी कंट्रोलर. तीन अक्षरांची भीती बाळगू नका. आजीच्या डोक्यातल्याच तीन सवयी आहेत.

पहिली सवय 'पी'. चूक जितकी मोठी, तितका हात मोठा. दोन अंश कमी असेल तर व्हॉल्व्ह थोडा उघड, दहा अंश कमी असेल तर बराच उघड. पण एवढ्यानं भागत नाही. व्हॉल्व्ह उघडा राहण्यासाठी थोडी चूक शिल्लक राहावीच लागते. चूक संपली की व्हॉल्व्ह आपल्या मूळ जागी जातो. त्यामुळे तापमान दोन-तीन अंश खालीच स्थिरावतं.

दुसरी सवय 'आय'. चूक किती वेळ रेंगाळली आहे त्याचा हिशेब ठेवायचा आणि त्याप्रमाणे व्हॉल्व्ह हळूहळू सरकवत राहायचा. ती उरलेली दोन-तीन अंशांची उणीव हा हिशेब भरून काढतो. पण याला विसर पडत नाही. सकाळी थंड यंत्र चालू केलं की चूक मोठी असते, हिशेब फुगत जातो, आणि तापमान सेटपॉइंटला पोचलं तरी मागची बाकी वसूल करण्यासाठी व्हॉल्व्ह उघडाच राहतो. म्हणून चांगल्या कंट्रोलरमध्ये व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की हिशेब थांबवण्याची सोय असते.

तिसरी सवय 'डी'. चूक किती आहे यापेक्षा ती किती वेगानं बदलते आहे ते बघायचं. दूध अजून काठापासून दोन बोटं खाली आहे, पण ज्या वेगानं चढतंय ते पाहून आजी आताच लाकूड ओढते. ही सवय मोलाची, पण सेन्सरचा आकडा थरथरत असेल तर ती उगाच दचकते. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी 'डी' शून्यच ठेवतात, आणि ते चुकीचं नसतं.

वर्तमान, भूतकाळ आणि भविष्य असे हे तीन काळ झाले. निकोलस मिनॉर्स्की या अभियंत्यानं १९२२ साली जहाज आपोआप सुकाणूवर ठेवण्याचा अभ्यास मांडला, तेव्हा त्यानं मुरब्बी सुकाणूवाला काय करतो हेच नीट पाहिलं होतं. म्हणजे ही विद्या यंत्रानं माणसाकडून घेतलेली आहे, एवढं लक्षात ठेवू.

अन्वय आणि व्यतिरेक

आता वहीकडे. आमचे एक स्नेही आहेत, इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये उभी हयात घालवलेले. त्यांनी वही चाळली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "दोन शिखरांमध्ये किती वेळ आहे?" आम्ही मोजलं. पानामागून पान, दर वेळी साधारण १०० सेकंद.

ते म्हणाले, "मग या लूपमध्ये कुठेतरी २५ सेकंदांचा निव्वळ उशीर आहे." कारण अशा प्रकारच्या लूपमध्ये झोक्याचा एक फेरा त्या उशिराच्या साधारण चौपट असतो. आम्ही चकित झालो. हे शुद्ध अनुमान होतं; धुरावरून अग्नी. न पाहिलेल्या यंत्राबद्दल वहीतल्या आकड्यांवरून एक गोष्ट कळली होती, आणि ती ऑपरेटरच्या हातचलाखीशी जुळत नव्हती. माणूस बोटांनी ढवळाढवळ करतो तेव्हा ती घड्याळासारखी दर शंभर सेकंदांनी होत नाही.

पण अनुमानावर थांबायचं नाही, पडताळायचं. व्यवस्थापनाची परवानगी काढून आम्ही दोघं तिकडे गेलो. न्यायशास्त्रात कारण ठरवण्याची एक कसोटी आहे, अन्वय-व्यतिरेक. ते असताना हे असतं, आणि ते नसताना हे नसतं. दोन्ही दिसलं तर कारण मानायचं. स्नेह्यांनी नेमकं तेच केलं, त्यांना हे नाव ठाऊक नसताना. त्यांनी कंट्रोलर 'मॅन्युअल'वर टाकला, म्हणजे व्हॉल्व्ह एका जागी धरून ठेवला. पाच मिनिटांत झोके थांबले. पुन्हा 'ऑटो'वर टाकला, झोके परत आले.

याचा अर्थ काय? झोके बाहेरून येत असते, म्हणजे बॉयलरचा दाब कमी-जास्त होत असता किंवा दुधाचा प्रवाह बदलत असता, तर मॅन्युअलवरही ते चालू राहिले असते. ते थांबले, म्हणजे कारण लूपच्या आत आहे. आता आतही दोन संशयित उरतात. एक, सेटिंग. दुसरा, व्हॉल्व्ह, तो अडकत-अडकत सरकत असेल तर कुठल्याही सेटिंगनं झोके जात नाहीत. म्हणून मॅन्युअलवरच व्हॉल्व्हला एकेक टक्क्याचा इशारा देऊन पाहिलं. दांडा नीट हलत होता. व्हॉल्व्ह निर्दोष सुटला.

मंडळी, हा क्रम जरूर लिहून घ्या. सेटिंगला हात लावण्याआधी मॅन्युअल, मग व्हॉल्व्ह, मग सेन्सर. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि सुधारणा झाली, तर कशामुळे झाली ते कायमचं कळत नाही.

पायरीची चाचणी

यानंतर केली ती स्टेप टेस्ट. मॅन्युअलवर तापमान स्थिर होऊ द्यायचं, व्हॉल्व्ह एकदम १० टक्के जास्त उघडायचा, आणि घड्याळ घेऊन बसायचं. दुधाऐवजी पाणी फिरवून हे केलं, कारण दुधावर प्रयोग करायचे नसतात. सोयीसाठी आकडे गोळाबेरीज सांगतो.

२५ सेकंद काहीच झालं नाही. म्हणजे निव्वळ उशीर २५ सेकंद. वहीनं सांगितलेलाच आकडा! मग तापमान चढू लागलं आणि एकूण ५ अंश चढून थांबलं. १० टक्क्यांना ५ अंश, म्हणजे एका टक्क्याला अर्धा अंश. ६३ टक्के चढ, म्हणजे सुमारे सव्वातीन अंश, पुढच्या ६० सेकंदांत झाला. म्हणजे मुरण्याचा काळ ६० सेकंद. यंत्राची कुंडली म्हणाल तर या तीन आकड्यांत आली.

या तीन आकड्यांवरून सेटिंग काढायची सूत्रं आहेत. सगळ्यात प्रसिद्ध झिगलर आणि निकल्स यांची, १९४२ सालची. दोघं अमेरिकेत रॉचेस्टरच्या टेलर इन्स्ट्रुमेंट कंपनीत होते. त्यांची सेटिंग चपळ असते, पण झोके घेत-घेत शांत होणारी. प्रत्येक झोका आधीच्या एक-चतुर्थांश झाला की पुरे, असा त्यांचा हिशेब. दुधासारख्या कामाला ती जरा तिखट पडते. आम्हाला स्नेह्यांनी शिकवली ती नॉर्वेच्या सिगुर्ड स्कोगेस्टाड यांची, २००३ सालची. ती तोंडी करता येते. मुरण्याचा काळ घ्या. त्याला भागा, एका टक्क्याला किती अंश या आकड्यानं. पुन्हा भागा, उशिराच्या दुपटीनं. आलं ते 'पी'चं बळ. 'आय'चा काळ म्हणून मुरण्याचा काळच ठेवा. तो उशिराच्या आठपटीहून मोठा असेल तरच आठपट घ्या.

इथे ६० भागिले अर्धा, म्हणजे १२०. त्याला ५० नं भागलं, २.४. म्हणजे तापमान एक अंश चुकलं तर व्हॉल्व्ह २.४ टक्के हलावा. 'आय'चा काळ ६० सेकंद.

आणि कंट्रोलरमध्ये प्रत्यक्षात काय होतं? दर अंशाला १० टक्के. चौपटीहून जास्त बळ. सून चुलीपुढे बसलेली होती!

इथे एक खाचखळगा सांगून ठेवतो. पुष्कळ कंट्रोलरवर बळाचा आकडा थेट नसतो, 'प्रपोर्शनल बँड' असतो, आणि तो उलटा चालतो. दर अंशाला १० टक्के म्हणजे बँड १० अंश. दर अंशाला २.४ टक्के म्हणजे बँड सुमारे ४२ अंश. आकडा वाढवला की प्रतिसाद सौम्य होतो. 'आय'च्या काळाचंही तसंच. सेकंद वाढवले की तो मवाळ होतो. घाईत माणूस नेमका उलटा फिरवतो.

मग ती सेटिंग केली कुणी?

साहजिकच व्यवस्थापक म्हणाले, "बघा, सेटिंग चुकीचीच आहे. म्हणजे पोरानंच बदलली." इथे आम्हाला बोलावंसं वाटलं. सेटिंग चुकीची आहे यावरून ती बदलली गेली असं निघत नाही. सेटिंग तीच राहून यंत्र बदललं असेल तरीही ती चुकीची ठरते.

मग आम्ही सेन्सरची वायर हातानं धरून मागोवा घेत गेलो. कंट्रोलरला येणारी वायर होल्डिंग ट्यूबच्या शेवटच्या सेन्सरवरून येत होती. नळीच्या सुरुवातीलाही एक सेन्सरची जागा होती, पण तिथे नुसतं बूच. देखभालीच्या नोंदवहीत उत्तर सापडलं. काही महिन्यांपूर्वी सुरुवातीचा सेन्सर बिघडला, नवा मिळेपर्यंत म्हणून कंट्रोलर शेवटच्या सेन्सरला जोडला, आणि 'मिळेपर्यंत' तसंच राहून गेलं. नळी पार करायला १५ सेकंद. कंट्रोलरला प्रत्येक बातमी १५ सेकंद शिळी मिळू लागली.

आधीचा उशीर १० सेकंदांचा असणार. १२० ला २० नं भागा, ६ येतात. त्या वेळी दर अंशाला १० टक्के हे थोडं तिखट होतं, पण चालत होतं. लूप तोल धरून होता. उशीर २५ झाल्यावर तेच १० त्याला झेपेनात. कुणीही, काहीही न फिरवता लूप बिघडला होता. मुलाच्या वहीतलं पहिलं झोके घेणारं पान आणि देखभालीच्या वहीतली ती नोंद एकाच आठवड्यातली निघाली.

त्या दिवशी बळ २.४ वर आणलं. झोके शांत झाले; तापमान ७४ च्या आसपास अर्ध्या-पाऊण अंशात राहू लागलं. पण सावकाशीची किंमत होती. प्रवाह बदलला की सावरायला वेळ लागे. पुढच्या बंदच्या दिवशी सुरुवातीच्या जागी नवा सेन्सर बसवला, शेवटचा सेन्सर त्याच्या मूळ कामाला, वळणाच्या व्हॉल्व्हला, तसाच राहिला, आणि बळ ६ वर नेता आलं. पाहा, सूत्राच्या सगळ्या हुशारीपेक्षा सेन्सरची जागा अधिक देऊन गेली. जिथे उशीर कमी करता येतो तिथे तो आधी कमी करा, सेटिंग त्यानंतर.

गरम आणि थंड सारखे नाहीत

श्रोत्यांत थंडाईच्या प्लांटवर काम करणारे आहेत, त्यांच्यासाठी थोडं. तापवणं आणि निववणं या एकाच नाण्याच्या दोन बाजू असल्या तरी त्यांचा वेग एक नसतो. विजेच्या भट्टीत हीटर जोरात तापवतो, पण ती निवते आपल्या आपण, भिंतींतून. तिथे एकदा तापमान वर गेलं की कंट्रोलरच्या हातात थांबण्याखेरीज काही नसतं. म्हणून भट्टीला मवाळ सेटिंग. जिथे तापवायला वाफ आणि निववायला थंड पाणी असं दोन्ही आहे, तिथे दोन्ही बाजूंची स्टेप टेस्ट वेगळी करा आणि बळंही वेगळी ठेवा. आणि सेटपॉइंटभोवती थोडी मोकळी जागा सोडा, नाही तर वाफ आणि थंड पाणी एकमेकांशी भांडत बसतात आणि बिल मालकाला येतं.

बल्क कूलरमध्ये तर सेन्सर थंड तळाजवळ असतो. ढवळणी बंद पडली तर तळाचं दूध गोठायला येतं, सेन्सर समाधानी असतो, आणि वरचं दूध कोमटच राहतं. आकडा ४ दिसतोय म्हणजे दूध ४ ला आहे, हे गृहीतक आहे. ते अधूनमधून साध्या थर्मामीटरनं तपासावं.

एक प्रश्न

मघाशी एका तरुण मित्रानं चिठ्ठी पाठवली : "सर, हल्लीच्या कंट्रोलरला ऑटोट्यूनचं बटण असतं. मग हे सगळं कशाला?"

चांगला प्रश्न आहे. ते बटण जरूर वापरावं. स्वीडनच्या ऑस्ट्रम आणि हेग्लुंड यांनी १९८४ साली मांडलेली युक्ती अशा पुष्कळ बटणांमागे असते. कंट्रोलर मुद्दाम व्हॉल्व्ह थोडा वर-खाली करतो, तापमानाला लहानसा झोका देतो, आणि झोक्याचा काळ आणि उंची मोजून सेटिंग काढतो. म्हणजे आम्ही वहीवरून केलं तेच, फक्त भराभर.

पण बटणाला तुमच्या यंत्राची गोष्ट माहीत नसते. टाकी रिकामी असताना दाबलंत तर ते रिकाम्या टाकीची सेटिंग देईल. व्हॉल्व्ह अडकत असेल तर अडकण्याचं मोजमाप घेईल. सेन्सर चुकीच्या जागी असेल तर चुकीच्या जागेची उत्तम सेटिंग काढेल. आमच्या कारखान्यात बटण दाबलं असतं तर झोके थांबले असते, आणि शेवटचा सेन्सर जन्मभर तिथेच जोडलेला राहिला असता. कारण सापडलं नसतं, आणि मुलावरचा आळही गेला नसता.

शेवटी

आता त्या मुलाचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. नोटीस मागे घेतली. कापलेला पगार मात्र परत मिळाला नाही. मागच्या महिन्यांचा हिशेब बंद झाला, असं सांगण्यात आलं. आम्ही पत्र लिहिलं, त्याला उत्तर आलं नाही. त्यानं काही महिन्यांनी ती नोकरी सोडली. आता दुसरीकडे आहे, आणि तिथे पहिल्याच आठवड्यात त्यानं सगळ्या सेन्सरच्या वायरी हातानं मागोवा घेऊन कागदावर उतरवल्या, असं त्याचे मामा सांगत होते.

आम्हाला या सगळ्यात एक गोष्ट लागून राहिली. त्या व्यवस्थापकांचं मन दुष्ट नव्हतं. नुकसान दिसत होतं, यंत्रापुढे एक माणूस उभा दिसत होता, आणि त्यांनी दोन्ही जोडून टाकलं. तेही एक लूपच होतं; त्यात सेन्सर चुकीच्या जागी होता आणि बळ फार होतं. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये काही महिन्यांचा उशीर होता, आणि तेवढं मागे जाऊन बघायला कुणाला सवड नव्हती.

तेव्हा उद्या तुमच्यापुढे तापमानाचा आकडा नाचू लागला, तर बटणाला हात लावण्याआधी आणि कुणाचं नाव घेण्याआधी वही काढा. दर दहा सेकंदांनी आकडा लिहा. दोन शिखरांमधला वेळ मोजा, त्याचा चौथा भाग काढा, आणि तेवढा उशीर यंत्रात कुठे लपलाय ते वायर धरून शोधत जा.

 वहीतली ती पानं आम्ही बरोबर आणली आहेत. ज्यांना स्वतः मोजून पाहायचं आहे त्यांनी पुढे यावं.